मक्यावर मारलेलं अ‍ॅट्राझीन रानातून आणि विहिरीतून खरंच जातं का?

बांधावरची

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात होता. गेल्या खरिपात माझ्या चुलतभावाच्या रानात (वाळवा तालुका) जे झालं, त्यानंतर लिहायचंच ठरवलं.

दादाने जूनमध्ये एकरभर मका टोकला आणि दुसऱ्या दिवशी वाफशावर अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारलं. मग पावसाने ओढ दिली, निम्मा मका उगवलाच नाही. वीसेक दिवस वाट बघून त्याने मका मोडला आणि त्याच रानात सोयाबीन पेरलं. पेरायच्या आधी दुकानात विचारलं होतं. "पंधरा दिवसांत औषध संपतं, बिनघोर पेरा" असं सांगितलं गेलं. सोयाबीन उगवलं झकास. वहिनीने कौतुकाने फोटोही पाठवला होता. तिपानी पानं फुटली तशा खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या, मग करपल्या. फवारताना जिथे पंपाचा पट्टा पट्ट्यावर चढला होता, तिथे तर ओळीच्या ओळी बसल्या. बियाण्याचे, पेरणीचे, मजुरीचे पैसे गेले आणि हंगामही गेला.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत चौदा वर्षं अन्न-पाण्यातले कीटकनाशक-तणनाशकांचे अंश मोजण्याचं काम करते. "औषध संपतं" हे वाक्य मला रोज ऐकू येतं आणि रोज खटकतं, कारण संपतं म्हणजे काय होतं हे कुणी सांगत नाही. आज तेवढंच सांगायचा प्रयत्न करते.

अ‍ॅट्राझीनचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा तर तीन खुंट्या ठोकलेलं एक कडं समजा. कड्यात कार्बन आणि नायट्रोजन आळीपाळीने तीन-तीन. पहिल्या खुंटीवर क्लोरीन. दुसरीवर आणि तिसरीवर नायट्रोजनला लटकलेली एकेक छोटी शेपटी, एक इथाइल आणि दुसरी आयसोप्रोपिल. १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या गायगी कंपनीत हा रेणू तयार झाला. तणाच्या पानात प्रकाशसंश्लेषणाची जी साखळी असते, तिच्यातल्या डी-वन नावाच्या प्रथिनाच्या खाचेत तो जाऊन बसतो आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतो. पान ऊन घेत राहतं, पण ती ऊर्जा पुढे जात नाही आणि पेशी आतून जळतात. बी उगवताना डाळींतल्या साठ्यावर जगतं, त्यामुळे उगवण छान दिसते. रोप स्वतःच्या पानांवर जगायला लागलं की मार बसतो. दादाच्या सोयाबीनचं नेमकं हेच झालं.

मग मका का मरत नाही? मक्याच्या मुळात बेंझोक्झाझिनोन गटातली द्रव्यं असतात, ती क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल बसवतात. शिवाय पानात ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज नावाचं विकर असतं, तेही क्लोरीनच हुसकावून त्या जागी ग्लुटाथायोन चिकटवतं. ज्वारीत हा दुसरा मार्ग जोरात चालतो. क्लोरीन गेला की रेणू त्या खाचेत नीट बसत नाही, तणनाशक म्हणून तो निकामी होतो. सोयाबीनला हे काम पुरेशा वेगाने जमत नाही.

आता जमिनीत काय होतं ते बघा. तिथे दोन वाटा आहेत.

पहिल्या वाटेत क्लोरीन सुटतो आणि हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझीन बनतं. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, खाली फारसं जात नाही आणि पिकाला मारत नाही.

दुसऱ्या वाटेत जिवाणू नुसती शेपटी तोडतात. इथाइल तुटलं तर डीइथाइल-अ‍ॅट्राझीन, म्हणजे डीईए. आयसोप्रोपिल तुटलं तर डीआयसोप्रोपिल-अ‍ॅट्राझीन, म्हणजे डीआयए. क्लोरीन जागेवरच असतो. डीईए मातीला मूळ औषधापेक्षाही कमी चिकटतं आणि पाण्याबरोबर आरामात खाली उतरतं. प्रयोगशाळेने फक्त मूळ अ‍ॅट्राझीन मोजलं तर अहवालात आकडा घटलेला दिसेल, आपण म्हणू "संपलं". प्रत्यक्षात ते शेपटी टाकून विहिरीकडे निघालेलं असेल.

पंधरा दिवसांबद्दल एवढंच सांगते की अ‍ॅट्राझीनचं शेतातलं अर्धायुष्य (निम्मं औषध फुटायला लागणारा काळ) ढोबळमानाने ६० दिवस धरतात. जमीन, ओल, ऊन यांप्रमाणे ते दोन-तीन आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत सरकतं. ६० धरलं तर वीस दिवसांनी जवळपास चार-पंचमांश औषध रानातच असतं. त्यात पावसाने ओढ दिलेली, म्हणजे जिवाणूही सुस्त.

कुणाला असा अनुभव आला असेल तर जरूर लिहा. विहिरीच्या पाण्याबद्दलही सांगायचं आहे, ते पुढच्या प्रतिसादात.

खोडवा

ताई, एकदम मनातलं लिहिलंत. आमच्याकडे (शिरोळ) उसात अ‍ॅट्राझीन दर वर्षीचं. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून औषधाशिवाय गत्यंतर नाही. हे आधी सांगतो, कारण शहरातली माणसं लगेच "बंद करा" म्हणतात.

मला एक विचारायचं आहे. आमची जमीन काळी, भारी, चुनखडीची. माळावरच्या पाहुण्यांकडे हलकी. दोघांनी एकाच महिन्यात औषध मारलं तर कुणाचं जास्त दिवस राहील?

बांधावरची

खोडवा दादा, भांगलणीचं अगदी खरं आहे. माझ्या आईने उभी हयात खुरपं चालवलं, तिच्या गुडघ्यांकडे बघून "औषध नको" म्हणायची माझी हिंमत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मिळणारं नाही. क्लोरीन सुटण्याची पहिली वाट आम्लधर्मी जमिनीत आणि सेंद्रिय पदार्थांच्या साथीने वेगाने चालते. सामू (पीएच) सात-साडेसातच्या वर गेला की ती मंदावते. म्हणून चुनखडीच्या जमिनीत पुढच्या पिकाला त्रास व्हायचा संभव जास्त. अमेरिकेत मका-सोयाबीन फेरपालट करणाऱ्यांना या कारणाने सामू बघून मात्रा ठरवायला सांगतात. पण भारी जमिनीत चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब औषध धरून ठेवतात, म्हणून ते खाली विहिरीकडे सावकाश जातं. हलक्या मुरमाड रानात पिकाला त्रास लवकर थांबेल, पण त्यातला वाटा मोठ्या पावसात झिरपून गेल्यामुळे थांबलेला असेल. भारी रानात धोका पुढच्या पिकाला आणि हलक्या रानात पाण्याला, असं मी धरते.

नीलाक्षी

वाचतेय. रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं, पण खुंट्यांमुळे समजलं. माझं सासर पलूसकडे आहे, तिथे पिण्यालाही विहिरीचंच पाणी. मुलगा तीन वर्षांचा आहे. पाण्यात हे आहे की नाही हे घरी कळू शकतं का? उकळलं तर जातं का?

बांधावरची

नीलाक्षी, उकळून जात नाही. अ‍ॅट्राझीन वाफ होऊन उडणारं नाही, उलट पाणी आटलं की थोडं दाटच होईल. तुरटीनेही जात नाही. घरगुती यंत्रातला अतिनील दिवा जंतू मारण्यापुरता असतो, त्याच्यावरही भिस्त ठेवू नको. सक्रिय कोळशाची गाळणी (वेळच्या वेळी बदललेली) आणि आरओ यांनी मात्र चांगलं कमी होतं. चव, वास, रंग काहीच नसतो, त्यामुळे घरी बघून कळणार नाही.

मोजतात कसं ते सांगते, कारण अहवाल हातात आला तर काय विचारायचं हे त्यातूनच कळेल.

पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत घेतात. अर्धा लिटर पाणी एका बोटभर नळीतून हळूहळू ओढतात, त्या नळीत औषध पकडून ठेवणारी भुकटी असते. मग थोड्याशा मिथेनॉलने ते सोडवून घेतात आणि एक मिलिलिटरवर आणतात, म्हणजे पाचशे पट दाट. हे द्रावण द्रवक्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून वस्तुमान-वर्णपटमापीत जातं. तिथे अ‍ॅट्राझीन २१६ या वस्तुमानाला दिसतं. क्लोरीनची निसर्गात दोन रूपं आहेत, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक प्रमाणात. म्हणून पडद्यावर २१६ च्या शेजारी २१८ ला बरोबर तिसऱ्या हिश्शाची बुटकी काठी उभी राहते. ती जोडी दिसली की समजायचं, क्लोरीन अजून जागेवर आहे. हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझीन १९८ ला येतं आणि त्याच्याशेजारी ही बुटकी काठी नसते. इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक नमुन्यात माझी नजर आधी त्या बुटक्या काठीकडे जाते.

मग २१६ चा रेणू यंत्रात फोडतात. त्याचे तुकडे १७४ आणि १०४ ला येतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण शुद्ध नमुन्याशी जुळलं तरच "आहे" म्हणायचं. यात एक खोच आहे. १७४ हा तुकडा म्हणजे डीआयएच. जमिनीत जिवाणूंनी आयसोप्रोपिलची शेपटी तोडून जे बनतं, तेच यंत्रही तोडून बनवतं. म्हणून आधी स्तंभात दोघांना वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर काढणं भाग असतं, नाहीतर एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

नमुना दाट करताना काही भाग हरवतोच. त्याचा हिशोब लागावा म्हणून सुरुवातीलाच पाण्यात जड हायड्रोजन लावलेलं अ‍ॅट्राझीन ठरावीक मात्रेत घालतात. ते जेवढं हरवलं तेवढंच खरंही हरवलं, असं धरून आकडा दुरुस्त करतात.

तू प्रयोगशाळेला तीनच गोष्टी विचार. अ‍ॅट्राझीनबरोबर डीईए आणि डीआयए मोजता का? तुमच्या पद्धतीने कमीत कमी किती मोजता येतं? बाटली तुमची की आमची? अहवालात "आढळले नाही" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "आमच्या मर्यादेच्या खाली" एवढाच असतो, म्हणून ती मर्यादा विचारायचीच.

अमोघ_७

युरोपात बंदी आहे आणि आपल्याकडे सर्रास विकलं जातं. एवढं पुरेसं नाही का? बेडकांचे नर मादी झाले, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग चर्चा कसली?

जुने_मास्तर

अमोघ, युरोपची बंदी बेडकांमुळे झालेली नाही. जर्मनीने १९९१ मध्येच बंद केलं. युरोपीय संघाचा निर्णय २००४ चा. कारण भूजल. तिथे पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही एकच मर्यादा आहे, आणि अ‍ॅट्राझीनचं भूजलातलं प्रमाण तिच्याखाली राहील याची खात्री देता आली नाही. विषारीपणाचं गणित मांडून काढलेला हा आकडा नाही. पाण्यात औषध असूच नये, या तत्त्वावरून तो आला आहे.

बांधावरची

मास्तरांनी नेमकं सांगितलं. आकड्यांकडे जरा एकत्र बघू या, कारण इथेच माणसं गोंधळतात. पिण्याच्या पाण्यात अ‍ॅट्राझीन किती चालेल? युरोप ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आपलं भारतीय मानक (आयएस १०५००) २. अमेरिका ३. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आपला जुना २ चा आकडा बदलून १०० केला. एकाच द्रव्याला ०.१ आणि १०० असे हजारपट अंतराचे आकडे! यातला कुणी खोटं बोलत नाही, प्रत्येकाने प्रश्न वेगळा विचारला आहे. युरोप विचारतो, पाण्यात हे का असावं? संघटना विचारते, जन्मभर रोज प्यायल्यावर शरीराला किती झेपेल?

पण संघटनेच्या १०० मध्ये एक बारकावा आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आकडा नुसत्या अ‍ॅट्राझीनचा नाही, क्लोरीन शाबूत असलेल्या त्याच्या सगळ्या तुकड्यांसकट आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्थाही धोका तपासताना डीईए, डीआयए आणि दोन्ही शेपट्या गेलेला तुकडा, हे सगळे मूळ औषधाबरोबरच धरते. त्यांचा शरीरातल्या संप्रेरकांवरचा परिणाम एकाच जातीचा असतो. उंदरांमध्ये मेंदूकडून येणारी एलएच या (अंडं सुटायला लावणाऱ्या) संप्रेरकाची उसळी दबते, हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझीनसाठी संघटनेचा आकडा वेगळा आहे, २००. ते संप्रेरकांच्या वाटेला जात नाही, पण फार मोठ्या मात्रेत उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा करतं. आपल्या मानकाच्या यादीत नाव फक्त अ‍ॅट्राझीनचं आहे. तुकडे त्यात यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

अमोघ, बंदीचंही सांगते. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अ‍ॅट्राझीन होतं. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिलवर बंदी आली, मोनोक्रोटोफॉसच्या एका रूपावरही आली. अ‍ॅट्राझीन राहिलं. म्हणजे उद्याही ते रानात असणार, तेव्हा ते समजून घेण्यावाचून आपल्याला पर्याय नाही.

बेडकांवर सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.

अमोघ_७

ठीक आहे, वाट बघतो. बंदीचं कारण मला चुकीचं माहीत होतं, हे मान्य.

बांधावरची

बेडूक. २००२ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टायरोन हेझ यांनी आफ्रिकी नखधारी बेडकावर (झेनोपस) काम प्रसिद्ध केलं. टॅडपोल ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर इतक्या कमी अ‍ॅट्राझीनमध्ये वाढवले तरी काही नरांच्या जननग्रंथींत बिघाड दिसला. २०१० मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग मांडला. जनुकीय खात्रीने नर असलेले ४० बेडूक २.५ मायक्रोग्रॅममध्ये मोठे होईपर्यंत ठेवले. त्यातले दहा टक्के पूर्ण माद्या झाले, नरांशी मीलन होऊन अंडीही दिली.

दुसरी बाजू अशी. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या मागणीवरून त्याच जातीच्या बेडकांवर दोन प्रयोगशाळांत मोठा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ०.०१ पासून १०० पर्यंतच्या मात्रांत जननग्रंथींवर परिणाम दिसला नाही. खर्च उत्पादक कंपनीचा होता. त्यामुळे कुणी तो अभ्यास सरळ बाजूला टाकतात, आणि हेझ यांचे आकडे इतरांना जसेच्या तसे मिळाले नाहीत म्हणून कुणी हेझ यांना बाजूला टाकतात. मला दोन्ही घाईचं वाटतं. एक मात्र दिसतं. २०१० मध्ये जेसन रोर आणि क्रिस्टा मॅकॉय यांनी मासे आणि उभयचरांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. नर-मादीचा वाद बाजूला ठेवला तरी रूपांतराच्या वेळी बेडकाचा आकार लहान राहणं, प्रतिकारशक्ती घटणं आणि परजीवींची लागण वाढणं, हे पुष्कळ अभ्यासांत एकाच दिशेने दिसतं. शेवाळावरचा परिणाम तर वादाचा विषयच नाही, ते वनस्पतींसाठीचंच औषध आहे. शेवाळ घटलं की त्यावर जगणाऱ्यांचं अन्न घटतं.

माणसाला एकदम विषबाधा होण्याच्या बाबतीत मात्र हे पॅराक्वाट या तणनाशकासारखं जहाल नाही. त्या दोघांना एका मापात तोलू नये. इथला प्रश्न थोडं थोडं आणि वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा आहे.

पेट्रीप्लेट

धागा आत्ता बघितला. मी अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहते, सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग इथेच मिनेसोटात घडला, म्हणून राहवत नाही.

कृषिरसायनं सांडून माती माखली होती, अशा इथल्या एका जागेतून लॅरी वॅकेट यांच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी एक जिवाणू वेगळा केला. १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, नाव सुडोमोनास एडीपी. तो शोधायची युक्ती बघा. अ‍ॅट्राझीन पाण्यात फारसं विरघळत नाही, लिटरला साधारण ३३ मिलिग्रॅम. अगारच्या थाळीत त्याच्या पंधरापट घातलं की थाळी ताकासारखी पांढुरकी गढूळ होते. वर मातीचं पाणी पसरून वाट बघायची. जो जिवाणू अ‍ॅट्राझीन फोडतो त्याच्या ठिपक्याभोवती गढूळपणा निवळून काचेसारखं गोल कडं तयार होतं. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे करायला लावते. पहिल्यांदा ते कडं दिसतं तेव्हा थाळी उजेडाकडे धरून मुलं किती वेळ बघत राहतात!

आणि हा जिवाणू पहिला घाव कुठे घालतो? बांधावरचीताई म्हणतात त्याच क्लोरीनवर. त्याच्या एटीझेडए या विकराचं काम तेवढंच, क्लोरीन काढून हायड्रॉक्सिल लावायचं. मग आणखी दोन विकरं एकेक शेपटी उतरवतात, सायन्यूरिक आम्ल उरतं, पुढे तेही फुटून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. रेणूत पाच नायट्रोजन आहेत, जिवाणूला ते हवे असतात.

या एटीझेडए विकराची साखळी ४७५ अमिनो आम्लांची. मेलामाइनवर काम करणाऱ्या एका विकराशी ती ताडून बघितली तर फरक फक्त नऊ ठिकाणी. पण ते दुसरं विकर अ‍ॅट्राझीनला जवळपास हातच लावत नाही, आणि हे मेलामाइनला लावत नाही. अ‍ॅट्राझीन १९५८ च्या आधी पृथ्वीवर नव्हतंच. म्हणजे ते फोडणारी ही हत्यारं बहुधा गेल्या काही दशकांत घडली. ती फिरत्या प्लास्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि आता जगातल्या कितीतरी देशांच्या मातीत सापडतात. ज्या रानात वर्षानुवर्षं हेच औषध पडतं तिथे ते आधीपेक्षा झपाट्याने फुटायला लागतं, हे पुष्कळ ठिकाणी नोंदलेलं आहे.

खोडवा

म्हणजे ताई, आमच्या उसाच्या रानात पंधरा वर्षं औषध पडतंय, तिथले जिवाणू आता तयार झाले असतील? अलीकडे औषधाचा असर लवकर उतरतो असं आम्ही सगळेच म्हणतो. आम्हाला वाटायचं माल डुप्लिकेट येतोय.

पेट्रीप्लेट

अगदी शक्य आहे, खोडवा दादा. माल चांगला असूनही असं होतं. तणातही बदल झालेला असू शकतो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत १९६८ मध्येच याच कुळातल्या सिमाझीनला न जुमानणारं तण सापडलं होतं. पुढे कळलं की अशा तणांत डी-वन प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, औषधाला बसायला खाचच नीट राहत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. हे जिवाणू अ‍ॅट्राझीन खातात ते नायट्रोजनसाठी. शेजारी युरियाचा आयता नायट्रोजन भरपूर असेल तर त्यांचा वेग मंदावतो, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. आणि हे सगळं वरच्या फूट-दीड फूट मातीतलं. खाली भूजलात अंधार, गारवा, जिवाणू कमी, खाद्य कमी. एकदा तिथे पोचलं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. जर्मनीत बंदीला तीसहून जास्त वर्षं झाली, भूजलात अ‍ॅट्राझीन आणि डीईए अजून सापडतात.

नीलाक्षी

मग हे जिवाणू विहिरीत सोडता येणार नाहीत का?

पेट्रीप्लेट

विहिरीत नको, नीलाक्षी. पिण्याच्या पाण्यात जिवाणू वाढवणं हा दुसराच धोका. मातीसाठी मात्र प्रयत्न झालेत. साउथ डकोटात औषध सांडलेल्या मातीवर हे विकर भरपूर बनवणारे जिवाणू मारून, म्हणजे जिवंत नसलेले, मिसळले. आठ आठवड्यांत अ‍ॅट्राझीन ५२ टक्के घटलं, सोबत फॉस्फेट दिलं तिथे ७७ टक्के. ज्या वाफ्यात काहीच घातलं नाही तिथे घटलं नाही. पण तो सांडलेल्या जागेचा उपाय आहे, शंभर एकर शिवाराचा नाही.

बांधावरची

पेट्रीप्लेट, तुमचे प्रतिसाद वाचून फार छान वाटलं. मका, माती, जिवाणू, सगळे त्याच एका क्लोरीनवर येतात, हे मी इतकी वर्षं यंत्रात बघतेय, पण असं सलग कुणाला सांगितलं नव्हतं.

आता विहिरीचं राहिलेलं. डीईए आणि मूळ अ‍ॅट्राझीन यांच्या प्रमाणावरून पाणी कुठल्या वाटेने आलं याचा अंदाज बांधता येतो. ही कल्पना अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातल्या मायकेल थर्मन आणि सहकाऱ्यांनी मांडली. औषध मातीतून सावकाश झिरपत आलं तर वाटेत जिवाणूंनी शेपट्या तोडलेल्या असतात, डीईएचं प्रमाण चढतं. मातीला वळसा घालून थेट आलं तर मूळ औषधच जास्त दिसतं.

दिवाळीला गेले तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. आमच्याकडे कुणी असं पाणी कधी तपासलं नव्हतं. अ‍ॅट्राझीन ठळक दिसलं आणि डीईए जेमतेम. दादा म्हणाला, रानातून आलं असणार. मला पटेना. मग वहिनीच म्हणाली, "पंप तर विहिरीच्या कठड्यावरच धुतात की सगळे."

हिशोब करून बघा. एकराला ८०० ग्रॅम पुडी, २०० लिटर पाणी. पुडीत निम्मं औषध, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. पंपाच्या तळाशी आणि नळीत ३०० मिलिलिटर राहिलं तर त्यात ०.६ ग्रॅम. आमची विहीर २६ फूट व्यासाची, पाणी २० फूट, म्हणजे साधारण तीन लाख लिटर. भागाकार केला की २ मायक्रोग्रॅम प्रति लिटर येतात. आपल्या मानकाची अख्खी मर्यादा एका पंपाच्या धुणाने भरते. मी हा भागाकार तीनदा केला, आणि आजी त्याच विहिरीचं पाणी पिते हे आठवून त्या रात्री झोप आली नाही.

खोडवा

ताई, अंगावर काटा आला. आम्ही पण मोटारीच्या पाटाजवळच धुतो. मग धुवायचा कुठे?

बांधावरची

ज्या रानात फवारलं त्याच रानात, दादा. घरून दोन कॅन पाणी न्यायचं, पंप रानातच तीनदा थोड्या-थोड्या पाण्याने खंगाळायचा आणि ते धुण त्याच पिकावर, फिरत-फिरत मारायचं. तिथे माती आहे, जिवाणू आहेत. विहीर, पाट, ओढा यांच्याजवळ औषध कालवायचंसुद्धा नाही.

जुने_मास्तर

यात पावसाचा मुद्दा जोडतो. अमेरिकेत ३ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीवर मोजतात. मक्यावर फवारणी झाल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्या-नद्यांत जी उसळी येते ती सरासरीत बुडून जाते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थांनी औषध गाळण्याच्या खर्चासाठी दावा लावला, आणि २०१२ मध्ये अ‍ॅट्राझीन बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीने १०.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपल्याकडे पाणी तपासायचंच तर ते जून-जुलैच्या पहिल्या धुवाधार पावसानंतर तपासावं. मार्चमध्ये तपासून काय कळणार?

अमोघ_७

मास्तर, +१. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीला हेच लिहून देतो.

खोडवा

ताई, शेवटचं. मका मोडल्यावर सोयाबीन पेरायचं की नाही हे पेरायच्या आधी कळायचा काही देशी मार्ग? प्रत्येक वेळी पुण्याला माती कुठे पाठवू?

बांधावरची

आहे, आणि यंत्राइतकाच माझा त्यावर विश्वास आहे. रानातल्या आठ-दहा जागांची वरची चार बोटं माती घ्या, पट्ट्यावर पट्टा चढला असेल ती जागा सोडू नका. मिसळा, दोन कुंड्या भरा. त्यातल्या एकीत सक्रिय कोळशाची पूड चांगली मिसळा, ती औषध धरून ठेवते. तिसऱ्या कुंडीत बांधाकडची, कधी औषध न पडलेली माती. तिन्हींत सोयाबीनचे दहा-दहा दाणे. ऊन भरपूर द्या, सावलीत हा प्रयोग फसतो, कारण औषध मारतं ते पानावर ऊन पडल्यावरच. उगवणीवर जाऊ नका. तिपानी पानं येईपर्यंत, तीन आठवडे थांबा.

खोडवा

(तीन आठवड्यांनी)

ताई, आज बाविसावा दिवस. मका मोडलेल्या तुकड्यातली माती घेतली होती, औषध मारून महिना झालेली. तिन्ही कुंड्यांत उगवण सारखीच होती, आठ-नऊ रोपं. बाराव्या दिवसापर्यंत मी बायकोला म्हणत होतो, काही नाही, पेरून टाकू. चौदाव्या दिवशी रानाच्या मातीतल्या रोपांची खालची पानं कडेने पिवळी पडली. आज त्यातली सहा वाळली, दोन उभी आहेत पण करपलेली. कोळसा घातलेल्या कुंडीतली हिरवीगार, बांधाच्या मातीतली पण हिरवीगार. माती एकच, फरक फक्त कोळशाचा.

त्या तुकड्यात आता ज्वारी टाकतोय, वैरणीला होईल. कुंड्या अजून ओट्यावरच ठेवल्यात, शेजारचे दोघं-तिघं बघून गेले. आणि पंप धुवायला परवापासून दोन कॅन रानात नेतो.